बोललेल्या शब्दांची मुकी यादी

या लेखात मी एका शोधनिबंधावर टीका करणार आहे. तो निबंध मला आवडतो, आणि त्याच्या भरवशावर मी एक चूक केली आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची तक्रार किती निबंधावर आणि किती माझ्यावर, हे तुम्हाला वाचता वाचता ठरवता येईल.

चूक अशी झाली. माझा आतेभाऊ रेवदंड्याचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अलिबागला बी.एस्सी., मग मत्स्यविज्ञानात एम.एस्सी. मासळीची लॅटिन नावं तो घडाघडा म्हणतो. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठानं त्याला पीएचडीसाठी घ्यायचं कबूल केलं. अट एवढीच की आयईएल्ट्समध्ये एकूण साडेसहा हवेत आणि कुठल्याही भागात सहाच्या खाली जाता कामा नये. वाचनात साडेसात आले, लेखनात साडेसहा, बोलण्यात साडेसहा. ऐकण्यात साडेपाच. एकूण साडेसहा झाले, पण अट मोडली. फीचे पंधरा हजारांच्या वरचे पैसे गेले ते गेलेच.

त्यानं मला फोन केला. मी भाषाविज्ञानात पीएचडी करते, त्यामुळे घरच्यांच्या मते मला इंग्रजीचं सगळं यायलाच हवं. त्याच्या क्लासनं ‘लिसनिंगचे बाराशे शब्द’ अशी एक पीडीएफ दिली होती. वार, महिने, फर्निचर, भाज्या, असं सगळं. मी ती पाहून हसले आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “हे सोड, मी तुला संशोधनातून आलेली यादी देते.” दिली. त्यानं दोन महिने ती घासली. परत परीक्षा दिली. परत साडेपाच.

“शब्द सगळे येतात गं ताई,” तो म्हणाला, “टेप सुरू झाली की ते जातात कुठं?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी तो निबंध पुन्हा काढला आणि या वेळी निष्कर्ष सोडून पद्धतीचा भाग वाचला. तुमच्यातले बरेच जण आता संशोधनाच्या तयारीला लागले असाल. निबंध वाचताना आपण सारांश वाचतो, तक्ता बघतो आणि निष्कर्षाकडे पळतो. मीही तेच केलं होतं.

आधी परीक्षा काय मागते ते थोडक्यात. ऐकण्याच्या भागात चाळीस प्रश्न, ध्वनिमुद्रण साधारण तीस मिनिटांचं, आणि ते एकदाच ऐकवतात. चार भाग असतात. पहिला रोजच्या व्यवहारातल्या संभाषणाचा, चौथा विद्यापीठातल्या व्याख्यानासारखा. बोलणारे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन, कुणीही. रिकाम्या जागेत शब्द लिहायचा आणि स्पेलिंग चुकलं की गुण नाही. चाळीसपैकी साधारण २३ बरोबर आले की सहा मिळतात, ३० आले की सात. म्हणजे सहा आणि सात यांच्यात सात प्रश्नांचं अंतर आहे आणि साडेपाच व सहा यांच्यात त्याहूनही कमी. दोन-चार शब्द कानातून निसटले की एक वर्ष गेलं.

आता निबंध. ‘अकॅडेमिक स्पोकन वर्ड लिस्ट’, म्हणजे शैक्षणिक बोलण्यातल्या शब्दांची यादी. लेखक येन डांग, ॲव्हरिल कॉक्सहेड आणि स्टुअर्ट वेब. २०१७ साली ‘लँग्वेज लर्निंग’ या नियतकालिकात आला. डांग मूळच्या व्हिएतनामच्या, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. कॉक्सहेड यांची २००० सालची ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ तुम्ही ऐकली असेल; ५७० शब्दकुटुंबांची, जगभरच्या क्लासेसमध्ये वापरली जाणारी. ती लिखित मजकुरातून काढली होती, सुमारे ३५ लाख शब्दांच्या संचातून. डांग आणि मंडळींचं म्हणणं असं की व्याख्यानात, चर्चेत, प्रयोगशाळेत माणसं पुस्तकासारखी बोलत नाहीत, मग ऐकणाऱ्याला पुस्तकातली यादी का द्यायची? म्हणून त्यांनी १ कोटी ३० लाख शब्दांचा शैक्षणिक बोलण्याचा संच जमवला, २४ विषयांतून, आणि त्यातून १,७४१ शब्दकुटुंबं निवडली. यादीच्या चार पातळ्या केल्या. ज्याला प्राथमिक शब्द येतात त्यानं पहिली पातळी सोडून पुढे जावं. प्रत्येक पातळीत आशयाचे शब्द वेगळे आणि ऑफ, टू, हॅव असे जोडकामाचे शब्द वेगळे ठेवले. त्यांच्या हिशेबानं विद्यार्थ्याच्या मूळ पातळीप्रमाणे या यादीच्या मदतीनं शैक्षणिक बोलण्यातले ९२ ते ९६ टक्के शब्द ओळखीचे होऊ शकतात.

काम चोख आहे. विषयांची विभागणी समतोल आहे, यादी शिकणाऱ्याच्या पातळीप्रमाणे वाकवता येते, आणि ‘सगळ्यांना एकच गोळी’ हा कॉक्सहेड यांच्या जुन्या यादीचा दोष त्यांनी स्वतःच दूर केलाय. कॉक्सहेड दोन्हीकडे आहेत, हे मला विशेष वाटतं. आपल्याच गाजलेल्या कामाची मर्यादा दाखवणाऱ्या निबंधावर आपलं नाव घालणारे लोक कमी असतात.

मग बिघडलं कुठं?

‘बोलण्याचा संच’ या दोन शब्दांपाशी थांबा. व्याख्यानं ध्वनिमुद्रित झाली, हे खरं. पण संगणकानं जे मोजलं ते ध्वनिमुद्रण नव्हे. ते ऐकून कुणीतरी टाइप केलेला मजकूर मोजला गेला. याच क्षेत्रात ‘बेस’ नावाचा एक प्रसिद्ध संच आहे, वॉरिक आणि रेडिंग विद्यापीठांतली १६० व्याख्यानं आणि ३९ चर्चासत्रं. त्यावर डांग आणि वेब यांनी २०१४ साली हिशेब मांडला की सर्वांत जास्त वापरातली ४,००० शब्दकुटुंबं आणि विशेषनामं माहीत असली की सुमारे ९६ टक्के शब्द ओळखीचे होतात. ९८ टक्क्यांसाठी ८,००० लागतात. तिथंही मोजणी टाइप केलेल्या मजकुराचीच. टाइप करणाऱ्या माणसानं आधीच सगळं अवघड काम करून ठेवलेलं असतं. सलग आवाजाची लड त्यानं कापली, शब्द वेगळे केले, प्रत्येकाला त्याचं शाळेतलं स्पेलिंग दिलं. आपल्या विद्यार्थ्याला परीक्षेत नेमकं तेच काम करता येत नाही, आणि मोजणी सुरू होते ती काम संपल्यावर!

हे आपल्या भाषेत करून बघा. अलिबागच्या एस.टी. स्टँडवर कुणी म्हणालं, “त्यानं सांगितलंय तुला, जाउन्ये म्हणून.” याचं लिप्यंतर करायला बसलेला माणूस लिहील : ‘त्याने सांगितले आहे तुला, जाऊन ये म्हणून.’ संगणक मोजेल : त्याने, सांगितले, आहे, तुला, जाऊन, ये, म्हणून. सगळे पहिल्या शंभरातले शब्द. आता असा एखादा जपानी विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा, ज्यानं मराठी फक्त पुस्तकातून शिकलंय. शब्द एकूण एक माहीत. त्या स्टँडवर त्याला काय कळेल? ‘सांगितलंय’मध्ये ‘आहे’ दडलाय हे त्याला कोण सांगणार? आणि समोरचा आगरी किंवा कोळी बोलीतला असेल, तर मग देवच त्याचा वाली. पण कागदावर त्याचा हिशेब शंभर टक्के.

मुद्दा इथंच आहे. या सगळ्या निबंधांत एक क्रियापद शांतपणे बसलेलं असतं, ‘माहीत असणे’. अमुक इतके शब्द माहीत असतील तर अमुक इतके टक्के कळेल. माहीत म्हणजे काय? पाहून ओळखता येणं? ऐकून ओळखता येणं? एकटा ऐकून, की वाक्यात धावताना ऐकून? कुठल्याही निबंधात असं बिनविरोध निवडून आलेलं क्रियापद दिसलं, की त्याच्यापाशी थांबायचं. मी थांबले नव्हते.

या प्रश्नावर काम झालंच नाही असं नाही. जेम्स मिल्टन आणि निकोला हॉपकिन्स यांनी २००६ साली ग्रीक आणि अरबी भाषक विद्यार्थ्यांची इंग्रजी शब्दसंख्या दोन मार्गांनी तपासली, एकदा शब्द दाखवून आणि एकदा ऐकवून. डोळ्याची संख्या आणि कानाची संख्या एकच येत नाही, आणि दोन्ही भाषकांत तिची तऱ्हाही सारखी नसते. मॅक्लीन, क्रेमर आणि बेगलर यांनी २०१५ साली जपानी विद्यार्थ्यांसाठी फक्त ऐकून द्यायची शब्दचाचणी तयार केली. म्हणजे साधनं आहेत. पण टक्केवारी मांडणारे निबंध आणि कानाची चाचणी घेणारे निबंध दोन वेगळ्या खोल्यांत बसलेले आहेत, आणि क्लासवाले व माझ्यासारखे शहाणे पहिल्या खोलीतूनच माल उचलतात.

‘टक्केवारी कानावरही तपासलीय की’ असं कुणी म्हणेल. तपासलीय, आणि निबंध चांगला आहे. हिल्डे व्हान झीलंड आणि नॉर्बर्ट श्मिट, २०१३. त्यांनी छोट्या गोष्टी ऐकवल्या आणि त्यांत काही शब्दांच्या जागी बनावट, अर्थहीन शब्द घातले, म्हणजे कुणालाच कळू नयेत असे. अशा रीतीनं ९०, ९५, ९८ आणि १०० टक्के ‘ओळखीच्या’ आवृत्त्या केल्या. निष्कर्ष दिलासा देणारा निघाला : ऐकण्यासाठी ९५ टक्के बऱ्यापैकी पुरतात, आणि त्याला दोन ते तीन हजार शब्दकुटुंबं बस होतात. पॉल नेशन यांनी २००६ साली बोलण्यासाठी सहा-सात हजारांचा हिशेब दिला होता, त्याच्या मानानं हे फारच हलकं. पण पुन्हा बघा. बनावट शब्द सोडून बाकीचे शब्द ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीचे आहेत, यावर प्रयोग उभा आहे, आणि गोष्टी रोजच्या, गप्पांसारख्या होत्या. माझ्या भावाच्या बाबतीत तो पायाच नाही. ‘कम्फर्टेबल’ त्याला येतो. ऑस्ट्रेलियन बाई म्हणते ‘कम्फ्टबल’. बनावट शब्द घालायची गरजच नाही. त्याला ओळखीचा शब्दच बनावट वाटतो.

दुसरी तक्रार ‘शब्दकुटुंब’ या एककावर आहे. मूळ शब्द आणि त्याला प्रत्यय लागून झालेले शब्द मिळून एक कुटुंब. एक आला की बाकीचे ओळखता येतात असं गृहीत. वाचताना हे बऱ्याच अंशी खरं आहे, अक्षरं तर सारखी दिसतात. कानाला मात्र कुटुंबातली माणसं एकमेकांसारखी दिसतातच असं नाही. फोटोग्राफ म्हणताना जोर ‘फो’वर असतो. फोटोग्राफरमध्ये तो सरकून दुसऱ्या अवयवावर जातो आणि शब्द ‘फटॉग्रफ’ असा काहीतरी होतो. ॲनलाइझ, अनॅलसिस, ॲनलिटिकल हे तिघे एकाच कुटुंबातले, कॉक्सहेड यांच्या यादीत पहिल्याच उपयादीत आहेत. आपण मराठीत तिन्हीकडे ‘ॲना’ म्हणतो आणि सगळे अवयव सारख्या वजनानं उच्चारतो. हे एकक जपानी विद्यार्थ्यांना वाचतानासुद्धा झेपत नाही, असा पुरावा स्टुअर्ट मॅक्लीन यांनी २०१८ मध्ये दिला. ऐकण्याच्या यादीसाठी कुटुंब हे एकक वापरणं म्हणजे आधार कार्डावरचं आडनाव बघून गर्दीत माणूस शोधण्यासारखं आहे.

(एक कबुली : इंग्रजी उच्चार मी देवनागरीत लिहितेय. जोर कुठे आणि कुजबुज कुठे, हे या लिपीत दाखवायची सोय नाही. जिथे शंका येईल तिथे शब्दकोशाच्या ॲपमध्ये आवाज ऐका, माझ्यावर विश्वास ठेवू नका.)

आता आपल्या कानाकडे येऊ, कारण एकच यादी सगळ्या भाषकांना देणं यातली खरी गोम तिथे कळते. येन डांग यांच्या मायदेशातला विद्यार्थी घ्या. व्हिएतनामीत शब्द बहुतेक एका अवयवाचे, शेवटी येऊ शकणारी व्यंजनं मोजकी, आणि तीही तोंडातच मिटणारी. शेवटी ‘स’ येत नाही. त्याला इंग्रजी शब्दाची शेपटी ऐकू येत नाही : अनेकवचनाचा स, भूतकाळाचा ट किंवा ड. आपल्याला शेपटीचा एवढा त्रास नाही. ‘मस्त’, ‘सख्त’, ‘गोष्ट’ म्हणणारे आपण. मराठीचे काही फायदेही आहेत, जे आपण मोजत नाही. ॲ आणि ऑ यांच्यासाठी आपल्याकडे वेगळी चिन्हं आहेत. पेन आणि पॅन यांत मराठी कान सहसा फसत नाही. व्हॅन आणि वॉच हे आपण लिहितानाही वेगळे लिहितो, जरी आपला ‘व्ह’ त्यांच्यासारखा नसला तरी. फोन नंबर सांगताना ‘डबल फोर’ म्हणायची सवय तर आपल्याला जन्मापासूनची.

आपली अडचण मधे आहे. मराठीत जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे जोर ऐकायची आपल्याला सवयच नाही. इंग्रजी ऐकणारा नेमका जोराच्या अवयवाला धरून शब्द सुरू झाला असं समजतो. ॲन कटलर यांनी यावर हयात घालवली. त्यांच्या आणि डेव्हिड कार्टर यांच्या १९८७ च्या निबंधानुसार रोजच्या इंग्रजी बोलण्यातले आशयाचे सुमारे ९० टक्के शब्द जोराच्या अवयवानं सुरू होतात. म्हणजे इंग्रजी माणसाच्या कानात एक कात्री आहे. आपली कात्री वेगळी आहे, आणि ती शाळेत बनली आहे. आपण इंग्रजी शब्द अक्षरांवरून शिकतो, मग ते देवनागरीत लिहिता येतील असे ऐकतो : व्हे-जि-टे-बल, चार अवयव, चौघांना समान वाटा. समोरून ‘व्हेज्टबल’ आलं की आपण त्यात ‘टेबल’ शोधत बसतो. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. वर्षं वाढली, पण शिकणं डोळ्यानंच राहिलं. आमच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला कधी टेप लागली नाही. तुमच्या लागली असेल तर तुम्ही भाग्यवान.

गंमत म्हणजे आपल्या पणज्यांना हे जमत होतं. ‘रपोट’ हा शब्द घ्या. सुशिक्षित माणूस ‘रिपोर्ट’ म्हणतो, कारण त्याला स्पेलिंग माहीत आहे. अडाणी म्हणून ज्याला हसलो, तो ‘रपोट’ म्हणाला, कारण साहेबाच्या तोंडून त्याला तेच ऐकू आलं. पहिला अवयव कुजबुजल्यासारखा, जोर ‘पो’वर, आणि ‘ट’च्या आधीचा र साहेब म्हणतच नव्हता. परीक्षेतला ब्रिटिश माणूस आजही तो म्हणत नाही. ‘माचीस’मध्ये तर अख्खं अनेकवचनच उचललंय; शब्द कुठं संपतो हे कानाला कसं कळावं? पोर्तुगिजांकडून आलेले चावी, पगार, पाव, पिंप, घमेलं हेही असेच कानानं आले.

पण कानाला फार निरागस समजू नका. रेवदंड्याहून कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई. पोर्तुगीज सत्ता इथून १७४० मध्ये गेली, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजवर आधारलेली एक भाषा घराघरांत राहिली, पुस्तकाविना, शाळेविना, निव्वळ कानावर. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ साली ग्रंथ लिहिला. त्यात दाखवलंय की शब्द पोर्तुगीज असले तरी वाक्याची चाल हळूहळू मराठीच्या वळणावर गेली. क्रियापद शेवटी सरकलं. कान जे ऐकतो ते आपल्या साच्यात बसवून ऐकतो. म्हणून ‘नुसतं ऐकत राहा, आपोआप येईल’ हा यूट्यूबवरचा सल्ला मला अर्धाच पटतो. माझा भाऊ रोज रेवस ते भाऊचा धक्का लाँचनं जाताना कानात बोंडं घालून पॉडकास्ट ऐकायचा. इंजिनाच्या आवाजात. वर्षभर! त्यातून त्याला इंग्रजी ऐकण्याची भीती गेली, एवढं नक्की. शब्द काही सुटे झाले नाहीत.

याच किनाऱ्यावर कानासाठी बनवलेल्या शब्दयादीचं एक उदाहरण आहे, आणि ते भाषेच्या विभागात कुणी शिकवत नाही. बोटीवर जाणाऱ्या पोरांना विचारा. न्हाव्याला टी. एस. रहमान ही प्रशिक्षणसंस्था १९१० पासून आहे, शेजारी न्हावा-शेव्याचं बंदर. या मुलांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची प्रमाण वाक्यं शिकावी लागतात, २००१ साली मंजूर झालेली. ती करताना विचारच असा झाला की खराब वायरलेसवर, वेगवेगळ्या देशांच्या उच्चारांत, काय चुकीचं ऐकू जाईल. म्हणून आकडे सुटे बोलायचे : दीडशे असेल तर ‘वन-फाइव्ह-झीरो’. ‘मे’, ‘कुड’ असे दुटप्पी शब्द टाळायचे. वाक्याच्या आधीच सांगायचं की हा प्रश्न आहे, इशारा आहे की सूचना. अर्थात तिथं बोलणाऱ्याला शिस्त लावता येते. परीक्षेतल्या प्राध्यापकाला ‘सुटं बोला’ म्हणता येत नाही. तरी यादी करताना ‘हे ऐकू कसं येईल’ हा प्रश्न विचारता येतो, एवढं त्यातून दिसतं. १,७४१ कुटुंबांच्या यादीत प्रत्येक शब्दापुढे जोर कुठे आणि वाक्यात तो किती आक्रसतो, एवढ्या दोन खुणा असत्या तरी माझ्या भावाचे दोन महिने वाचले असते.

आता माझा वाटा. यादीत जोडकामाचे शब्द वेगळे दिले होते. भावानं ते सोडून दिले. “ऑफ आणि टू काय पाठ करायचे?” मीही म्हणाले, सोड. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. जॉन फील्ड यांचा २००८ चा निबंध मला माहीत होता. त्यांनी ध्वनिमुद्रण मधेच थांबवून विद्यार्थ्यांना शेवटचे चार-पाच शब्द लिहायला लावले. आशयाचे शब्द पकडले जात होते, जोडकामाचे निसटत होते. वेगवेगळ्या मातृभाषांच्या मुलांत हेच दिसलं. हे शब्द बोलताना जवळजवळ विरघळतात. ‘कप ऑफ टी’ म्हणायला इंग्रज माणूस तोंड उघडतो आणि बाहेर पडतं ‘कपटी’. नाव अगदी योग्य आहे. ‘शुड हॅव बीन’मधला ‘हॅव’ तर एका ‘अ’एवढा उरतो. आणि तो ‘अ’ नाही कळला की पुढचा-मागचा ओळखीचा शब्दही वेड्यासारखा दिसायला लागतो, कारण कापायची जागाच चुकते.

भाऊ गणपतीला घरी आला तेव्हा आम्ही एक खेळ केला. संशोधन नव्हे, एका माणसावर काय संशोधन होणार. त्याच्या यादीतले वीस शब्द मी कागदावर दाखवले. अर्थ सगळ्यांचे आले. मग तेच शब्द असलेली वाक्यं एका व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणातून ऐकवली आणि फील्डसारखं मधेच थांबवलं. जवळजवळ निम्मे शब्द त्याच्या वहीत उतरलेच नाहीत. जे उतरले नाहीत ते अवघड नव्हते. ते लांब होते, किंवा जोर अनपेक्षित जागी होता, किंवा आधीचा ‘ऑफ’ त्यांना चिकटला होता. तुम्हाला हा खेळ घरी करायला तासभर पुरेल, आणि कुठल्याही शब्दयादीआधी करा. दोन आकड्यांमधलं अंतर कळलं की यादी हवी की कान, हे कळतं. ज्याचे कागदावरचेच शब्द कमी आहेत त्याला डांग यांची यादी खरंच उपयोगी आहे. ते मी नाकारत नाही. माझ्या भावाला ती देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला खाडीचा नकाशा देणं होतं.

आता तो यादी करत नाही. रोज दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण घेतो, थांबवतो, ऐकलं ते लिहितो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये नव्हे, देवनागरीत, जसं कानावर पडलं तसं. ही कल्पना त्याचीच. मी आधी नाक मुरडलं, कारण वर लिहिलंच आहे की देवनागरीनंच घोटाळा केलाय. पण मग लक्षात आलं की घोटाळा लिपीनं केला नव्हता, स्पेलिंग बघून देवनागरी लिहिण्यानं केला होता. आवाज ऐकून लिहिली तर तीच लिपी ‘रिपोर्ट’ऐवजी ‘रपोट’ लिहू शकते. मग शेजारच्या रकान्यात खरं वाक्य लिहायचं आणि दोन्हींतला फरक लाल पेननं खुणावायचा.

परवा त्यानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. डाव्या रकान्यात होतं : ‘ॲझरिझल्टव’. उजवीकडे : ‘ॲज अ रिझल्ट ऑफ’. खाली बारीक अक्षरात, ‘ताई, हे चार शब्द आहेत हे मला आज कळलं.’ परीक्षा पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आहे.